काडीमोड मागायला आली, ओटी भरून पाठवली

नवऱ्यापासून सुटका मागायला आलेल्या बाईची मी ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी. काही म्हणून कमी ठेवलं नाही. हळदीकुंकू लावलं, पदर नीट खोचून दिला आणि वर "सुखी राहा" असा आशीर्वादही ठोकून दिला. पगारी समुपदेशक म्हणून ही माझी पहिली बैठक. माझ्या नोकरीची सुरुवात इतकी मंगल झाली.

हे आज आठवायचं कारण माझी नात. ती पुण्यात असते. तिच्या मैत्रिणीला घटस्फोट हवाय, आणि कोर्टात जाण्याआधी मध्यस्थाकडे पहिली भेट ठरलीय. नातीचा फोन आला, "आजी, तू हेच काम करायचीस ना? पहिल्या भेटीत काय काय होतं गं? तिला सांगते, म्हणजे घाबरणार नाही."

मी म्हटलं, "तिला सांग, मध्यस्थाच्या टेबलावर नारळ दिसला तर उठून पळ."

नातीला काही कळलं नाही. निदान तुम्हाला तरी कळावं म्हणून लिहिते.

सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवचा सुमार असेल. एका संस्थेने घोडेगावात बायकांसाठी सल्ला केंद्र काढलं. पंचायत समितीच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या, पुढे थोडं अंगण, अंगणात एक कडुलिंब. मी जुन्नरची, घोडेगावला दिलेली, बी.ए. झालेली, मुलं हाताशी आलेली, आणि गावातल्या यच्चयावत भांडणांत नाक खुपसायची उपजत आवड. संस्थेला वाटलं, हीच योग्य बाई. मलाही तसंच वाटलं. आमचे हे तेवढे म्हणाले, "दुसऱ्यांची भांडणं सोडवायचा पगार देणार? मग घरात लावतेस त्याचा कापून घेतील का?"

पुण्याला प्रशिक्षण झालं. शिकवणाऱ्या बाई हुशार होत्या. त्यांनी पुष्कळ सांगितलं. नवरा-बायकोला आधी वेगवेगळं ऐकून घ्या, मग समोरासमोर बसवा. नातेवाईक बाहेर ठेवा. नांदा म्हणू नका, सोडा म्हणू नका. आपण न्यायाधीश नाही. आणि बोलता बोलता एक वाक्य टाकलं, "येणाऱ्याला घरच्यासारखं वाटलं पाहिजे." बाकीचं सगळं वहीत राहिलं आणि हे एवढं माझ्या डोक्यात बसलं. बरोबर आहे. पाण्यात जड ते तळाशी जातं, हलकं तेवढं वर तरंगतं.

परत आले ती केंद्राचं घर करूनच थांबले. दारात रांगोळी, आत सतरंजी, कोपऱ्यात माठ, खिडकीत कुंकवाचा करंडा आणि फडताळात ओटीचं सामान. मी स्वतः खळ घातलेल्या सुती साडीत, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. चष्मा खरं तर फक्त वाचायला लागायचा. पण त्याच्यावरून बघितलं की समोरचा माणूस खरं बोलतो, अशी माझी समजूत होती. अजून एकही माणूस तेवढ्याने खरं बोललेला नाही.

पहिली केस मंदाची. मंदा निरगुडसरची, येडगावला दिलेली. वय बाविशीच्या आसपास. नवरा सोपान भोसरीला कंपनीत, गुरुवारची सुट्टी, बुधवारी संध्याकाळी घरी यायचा. मंदा महिनाभर माहेरी येऊन राहिली होती आणि सासरी परत जायला तयार नव्हती. केंद्राचा कागद गेल्यावर दोन्ही घरांनी बुधवार ठरवला. सोपानने त्या दिवसाची रजा टाकली.

मला वाटलं होतं, दोघं येतील. दोन जीपा आल्या.

एका जीपमधून निरगुडसर उतरलं, दुसऱ्या जीपमधून येडगाव. चुलते, मामा, आत्या, एक पोलीसपाटील आणि एक गृहस्थ असे होते की ते कुठल्या बाजूचे हे शेवटपर्यंत कळलं नाही. बहुधा घोडेगावला तालुक्याच्या कामाला यायचं होतं, जीप मिळाली. नातेवाईक बाहेर ठेवा हे वाक्य मला त्या क्षणी आठवलं नाही. घरी आलेल्या माणसांना बाहेर उभं करतात का कुठे? सगळ्यांना आत घेतलं. सतरंजीवर लग्नात बसतात तशी माणसं बसली, एका अंगाला वरपक्ष, दुसऱ्या अंगाला वधूपक्ष. मध्ये पानाचा डबाही फिरला. पाऊण तास कुकडीच्या कालव्याचं पाणी कधी सुटणार आणि कांद्याची रोपं कुणाची जळाली यावर चर्चा झाली. काडीमोड हा शब्द कुणी काढला नाही. मग चहा झाला. मग सोपानच्या मामांनी, गणपतमामांनी, घसा साफ केला. हे लग्न त्यांनीच जमवलेलं.

"बाई, पोरगं सोन्यासारखं हाय. पीत न्हाई, मारत न्हाई. आता ह्याच्यावर काय पायजे?"

पीत नाही, मारत नाही. आपल्याकडे नवऱ्याच्या अंगावर हे दोन दागिने असले की तिसरा कुणी मागत नाही.

मी मंदाकडे वळले. चष्म्यावरून बघत, भरल्या सभेत, मायेनं म्हटलं, "बोल बाळ. अगदी मोकळेपणानं बोल. तुला काय त्रास आहे?"

मंदा पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाली, "हे माज्याशी बोलत न्हाईत."

"म्हणजे भांडतात?"

"भांडायला बी बोलावं लागतं न्हवं."

मग थोडं थोडं बाहेर आलं. लग्नाला दोन वर्षं झाली होती. सोपान दर आठवड्याला घरी यायचा, जेवायचा, झोपायचा, शुक्रवारी पहाटे जायचा. काही हवं असलं तर आईला म्हणायचा, "तिला सांग चटणी दे." ती पुढ्यात ताट घेऊन उभी असायची. दोन वर्षांत तिच्याशी स्वतःच्या तोंडानं एक शब्द नाही. तिच्या नावानं हाक नाही, 'अगं' नाही, 'ए' सुद्धा नाही.

सभा हसली. मंदाचीच एक आत्या म्हणाली, "बोलत न्हाई म्हून काडीमोड? माज्या घरी या, तिथं बोलतो म्हून मागायची पाळी हाय!" आणखी हशा. सोपानची आई पारूबाई, उंचपुरी, खणखणीत बाई, म्हणाली, "शांत सभाव हाय त्याचा. आमचं मालक बी असंच व्हतं."

मी सोपानला विचारलं, "का हो, बोलत का नाही बायकोशी?"

उत्तर गणपतमामांनी दिलं. पुन्हा विचारलं, तर पारूबाईंनी दिलं. तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा जावयाच्या वतीनं खुद्द मंदाचे वडील अण्णा म्हणाले, "कामानं दमत्यात वो ते." सोपान सतरंजीचा दोरा उपसत बसला होता.

यावर मी काय करावं? मी भाषण केलं. संसाराच्या गाडीची दोन चाकं काढली, वंगण घातलं, ती गाडी चांगली अर्धा तास चालवली. माणसं माना डोलवत होती. पारूबाईंनी डोळ्याला पदर लावला. माझं मलाच इतकं भरून आलं की आता पुढची तारीख द्यायची आणि बैठक संपवायची, हे बाजूला राहिलं. लेकीच्या वयाची पोर पहिल्यांदा आपल्या केंद्रात आली, तिला रिकाम्या पदरानं कसं जाऊ द्यायचं? मी फडताळ उघडलं. पाट मांडला. मंदाला बसवलं. आणि सुरुवातीला सांगितलं तो सोहळा, तोंडानं एकसारखी बोलत, यथासांग पार पाडला.

माणसं टकामका एकमेकांकडे बघायला लागली. ती मला गंभीर वाटली. प्रसंगच तसा होता.

"झालं!" पारूबाई उठल्या. "बाईंनी सासरच्या वाटंला लावली."

गणपतमामांनी टोपी नीट केली. "ओटी भरली म्हंजी निकालच लागला की. चला, जीप काडा."

माहेराहून सासरी निघालेल्या लेकीची ओटी भरतात, हे मला माहीत नव्हतं असं नाही. माझी स्वतःची आईनं दर खेपेला भरली होती. भरल्या पदरानं बाई जाते ती सासरीच जाते, माहेरी परत फिरत नाही. हे जुन्नर-आंबेगावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्या दोन्ही तालुक्यांत त्या दिवशी ते न कळलेली एकटी मीच, आणि मीच तिथे पगारावर.

मंदा येडगावच्या जीपमध्ये चढली. जाताना तिनं एकदा माझ्याकडे बघितलं. मी हळदीच्या बोटांनी टाटा केला. अण्णा छत्री विसरले म्हणून परत आले तेव्हा माझ्यापुढे हात जोडून म्हणाले, "लई उपकार झालं बाई. आमच्यानं तिला जा म्हनवत नव्हतं. तुमी पाठवली."

तेव्हा ट्यूब पेटली. आमच्याकडच्या विजेसारखीच, सगळं झाल्यावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एसटीनं मंचर, तिथून नारायणगाव आणि तिथून वडापच्या जीपमध्ये कोंबडीच्या खुराड्याशेजारी बसून येडगाव गाठलं. वाटेत मी तीन-चार भाषणं तयार केली आणि टाकून दिली. भाषणांवरचा माझा विश्वास आदल्या दिवशीच उडाला होता.

घर मळ्यात होतं, धरणाच्या पाण्याला लागून. पारूबाईंनी लांबूनच ओळखलं. "या बाई! मंदे, पोहे टाक!" मंदा चुलीपुढे होती. सोपान ओट्यावर दाढी करत होता. गणपतमामाही होते, ते बहुधा कुठेही आधीच असत.

मी उभ्या उभ्या म्हटलं, "पारूबाई, माझी चूक झाली. मी निकाल दिला नाही. मला निकाल द्यायचा अधिकारच नाही. मी ओटी परत घ्यायला आले."

पारूबाईंनी कमरेवर हात ठेवले. "ओटी परत घेत्यात व्हय कुठं? कोन्या गावची रीत ही?"

"रीत नाही. पण मी भरायलाही नको होती."

"आता भरली न्हवं? तांदूळ तर राती शिजवून खाल्लं बी आमी."

म्हणजे निम्मा पुरावा पोटात गेला होता. मी म्हटलं, "मग खण-नारळ द्या."

मामा मध्ये पडले. "बाई, कशाला इनाकारन मोठेपना कमी करून घेता? चांगलं काम झालं तुमच्या हातनं. पेपरात द्यू."

"पेपरात नको. मंदाला काय हवं ते कुणी विचारलंच नाही, मामा."

"तिला काय इचारायचं? सांगायचं."

मग आमची तिघांची जुंपली. ओटी परत घेता येते की नाही, सवाष्णीचा तळतळाट लागतो की नाही, देवीची भरलेली ओटी पुजारी कशी उचलतो. आमचे आवाज पार धरणाच्या भिंतीपर्यंत गेले असतील. आदल्या दिवशीची बैठक पुन्हा भरली होती, फक्त सतरंजी नव्हती.

आणि मध्येच, अर्ध्या गालाला साबण असलेला सोपान उठला आणि चुलीसमोर जाऊन उभा राहिला.

"तुला जायचंय का?" त्यानं विचारलं.

 पारूबाईंना वाटलं आपल्यालाच विचारतोय. मला वाटलं मामांना. मंदानं मान वर केली. नवरा तिच्याशी बोलला ते हे पहिलं वाक्य. तवा तापून धूर यायला लागला होता, तो तिनं आधी खाली उतरवला.

"व्हय," ती म्हणाली.

"मग पिशवी भर. मी नारायनगावला सोडतो."

पारूबाई ओट्यावर बसल्या त्या बसल्याच. "आरं, पन…" एवढंच म्हणाल्या.  मग थोड्या वेळानं पारूबाईच उठल्या, आतून तो नारळ आणला, पायरीवर आपटला, खोबऱ्याचा एक तुकडा मंदाच्या हातावर ठेवला, एक माझ्या. "खा," म्हणाल्या. "ह्यो मोडला, आता कसली ओटी आन् कसलं काय."  वर मला म्हणाल्या, "आन् बाई, तुमी परत कुनाची भरू नका."

भरली नाही. माझ्या सुनेची सुद्धा विहिणीकडून भरून घेतली.

निरगुडसरला मात्र मलाच जावं लागलं. अण्णा दारात उभे. "भरल्या ओटीनं गेलेली लेक दुसऱ्या दिवशी माघारी! आता हिला काय म्हनून घेऊ घरात?"

मी म्हटलं, "कालपर्यंत काय म्हणून घेत होतात?"

अण्णांनी दारातून पाऊल मागं घेतलं. मग आत तोंड करून ओरडले, "पानी आना गं."

पंधरा दिवसांनी मंदा आणि सोपानची खरी पहिली बैठक झाली. नातीच्या मैत्रिणीला सांगायचं ते इथून पुढे आहे. नातेवाईक कडुलिंबाखाली, शेंगा आणि चहा देऊन. मामांसाठी चहा दोनदा. आत मी आणि एकेक जण आलटून पालटून, मग दोघं एकत्र. एक बोलत असताना दुसऱ्यानं तोडायचं नाही. आणि मी तर अजिबातच नाही. पहिल्या दिवशी कुणाची सही घ्यायची नाही, कुणाला वचनात अडकवायचं नाही. खोलीत निघालेलं उणंदुणं कोर्टात पोचत नाही, हे आधीच सांगायचं. वकील नसला तरी चालतो, ठरलेलं कागदावर येताना लागतो. आणि मारहाण असेल तर समोरासमोर बसवायचंच नाही, ती वाट वेगळी. बस, इतकंच. लोकांना वाटतं पहिल्या भेटीत आपलं काहीतरी ठरवून टाकतील. चांगल्या मध्यस्थाला पहिल्या भेटीत काहीच ठरवायचं नसतं. आपणहून ठरवणारे बाहेर शेंगा खात असतात.

त्या दिवशी सोपान बोलला. वडील गेले, त्यांच्या तेराव्यालाच मामांनी लग्न पक्कं केलं. "मला कुनी इचारलं न्हाई. मंग मी बोललोच न्हाई."

"सगळ्या जगाशी बोलायचात, आणि फक्त हिच्याशी नाही?"

"मामाशी अबोला धरायची टाप न्हवती, बाई."

मंदा त्याच्याकडे बघत होती. रागानं नव्हे. शेजारच्या रानातला माणूस पहिल्यांदा नीट दिसावा तशी. त्यानंतर त्या दोघांनी भांडी, दागिने आणि पुढचं सगळं इतकं पटापट ठरवलं की मी म्हटलं, अरे, तुमचं इतकं जमतंय तर…! दोघांनीही माझ्याकडे असं बघितलं की मी चष्मा काढून पुसायला घेतला.

हाताला जरा वळण लागल्यावर मी शहाणी झाले असं वाटेल. तसं काही नाही. डोंगरातल्या एका वाडीवरून साठीपलीकडचं एक जोडपं सकाळच्या एसटीनं आलं. म्हातारी म्हणाली, "काडीमोड करायचाय. ह्यो मला न इचारता कोंबड्या इकतो. आमाला बाराची गाडी हाय, तेवढ्यात हुईल का?" मी नियमाप्रमाणे दोघांना वेगवेगळं बसवलं. म्हातारा बाहेर एकटा पडला तसा दाराला कान लावून "ती माजं काय काय सांगती?" म्हणून विचारायला लागला, आणि म्हातारी आतून ओरडून उत्तरं द्यायला लागली. पावणेबाराला दोघं भांडतच स्टँडकडे पळाली, कारण वाडीला जाणारी गाडी एकच होती. मी अहवालात "समेट घडवून आणला" असं लिहिलं. घडवून आणला तो एसटीनं.

मंदा-सोपानला मात्र एका गाडीनं जायचं नव्हतं. दोघं राजी असली तरी कायद्याला वर्षभर वेगळं राहिलेलं लागतं, आणि अर्ज केल्यावर त्या काळी कोर्ट आणखी सहा महिने विचार करायला लावायचं. लग्नाच्या वेळी या दोघांना कुणी सहा मिनिटं दिली नव्हती. मोडायला दीड वर्ष. तोवर मंदा मंचरला बी-बियाण्याच्या दुकानात लागली होती. दिवसभर शेतकऱ्यांशी बोलायचं काम. दुकानदार म्हणायचा, पोरगी कांद्याच्या बियाण्याबरोबर सल्ला फुकट देते, आणि गिऱ्हाईक सल्ल्यासाठी येतं.

शेवटच्या तारखेला मी तिच्याबरोबर गेले होते. न्यायाधीशांनी दोघांना एकेक प्रश्न विचारला, दोघांनी आपापल्या तोंडानं उत्तर दिलं, संपलं. सोपान जाताना तिला म्हणाला, "येतो." ती म्हणाली, "या." मग आम्ही दोघी कोर्टाबाहेर उसाच्या रसाच्या गाड्यावर बसलो. चरक कुरकुरत होता. दीड वर्ष एक गोष्ट मला टोचत होती, ती मी तिथे विचारली.

"मंदा, त्या दिवशी मी तुला पाटावर बसवलं, सगळ्यांनी तुला जीपमध्ये घातलं. तुला तर जायचं नव्हतं. मग तू एक शब्द का बोलली नाहीस?"

मंदानं ग्लास खाली ठेवला.

"मी न्हाई म्हनले व्हते की, बाई. दोनदा म्हनले. पन सगळीच बोलत व्हती तवा, आन् सगळ्यांत मोठ्यानं तुमी."